आप्पांची थोडक्याची वही

आप्पा लग्नातसुद्धा माणसांची बोटं मोजायचे. नवरदेवाच्या हातात हात दिला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चाचपत, मग दुसरा हात मागून घेत, आणि दहा भरली की समाधानाने मान हलवून पंगतीला जाऊन बसत. मुलीकडच्या मंडळींना वाटे, म्हातारा अंगठ्या बघतोय. कुणाला वाटे, स्वतःची दोन-चार बोटं मशीनमध्ये गेली असतील, म्हणून हे वेड लागलंय. तसं काही नव्हतं. सगळी उमर कापसाच्या जिनिंगमध्ये घालवूनही त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि माणसाने मिरवावं असं जगात एवढंच आहे अशी त्यांची ठाम समजूत होती.

आमची जिनिंग शहाद्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि होळीला बंद पडायची, कारण होळी आली की मशीनवर काम करणाऱ्या पावरा आदिवासी बायका आणि हमाल सातपुड्यात आपापल्या गावी निघून जात. मग शेठने कितीही गयावया केली तरी कुणी थांबत नसे. आप्पा तिथले हेड मिस्त्री. मी डिप्लोमा करून शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा ते साठीला टेकले होते. ब्राह्मणपुरीहून सायकलवर यायचे, आणि सायकलवर डोक्याला पिवळं हेल्मेट. रस्ताभर पोरं ओरडायची, की आप्पा, वरून काय पडणार आहे? आप्पा सायकल थांबवून खरंच वर बघायचे, काही पडत नाहीये याची खात्री करून घ्यायचे आणि पुढे निघायचे.

संध्याकाळी सुट्टी झाली की ते फाटकात उभे राहत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही पंजे वर करून दाखवायचे. बायका लाजत, हसत, पण दाखवत. आप्पा म्हणत, "सकायले दहा लई उना, संध्याकायले दहा लई जा." मी नवा असताना माझेही पंजे मागितले. मी साहेब माणूस, मला काही ते रुचलं नाही. खिशातून हात न काढताच निघून गेलो. आप्पांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच आदराने मागितले.

त्यांच्या खिशात एक कात्री असे. लोंबणारी नाडी, मफलरचं टोक, ओढणीचा गोंडा, पट्ट्याजवळ काहीही हलताना दिसलं की कात्री बाहेर. एका वर्षी मुहूर्ताच्या पूजेला शेठचे व्याही आले होते, खांद्यावर चांगलं रेशमी उपरणं. पूजा झाली, नारळ फुटला, पहिल्या मशीनचा पट्टा फिरू लागला आणि व्याही कौतुकाने वाकून बघायला लागले. आप्पांनी मागून जाऊन उपरण्याचं लोंबतं टोक वीतभर कापून टाकलं. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आप्पा शांतपणे म्हणाले, "उपरनं नवं भेटस शेठ, याही नवा भेटस नही." व्याही भले माणूस, ते हसले, पण शेठच्या मनात ते कायमचं राहिलं. पुढे जे झालं त्यात त्या वीतभर रेशमाचाही हात असावा असं मला कधी कधी वाटतं. तसं वाटून घेणं मला सोयीचंही आहे.

'नशीब' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. एकदा वरून रुईची गाठ निसटली आणि एक हमाल क्षणभर आधीच बाजूला झाला होता म्हणून वाचला. तो बिचारा छातीवर हात ठेवून म्हणाला, की नशिबानेच वाचलो आप्पा. आप्पांनी त्याचा हात धरला. "चाल, माले तुन्हं नशीब दखाड. कोठे बठेल शे ते?" अर्धा तास त्याला घेऊन सगळी जिनिंग फिरले. शेवटी वर चढून गाठी उचलायच्या आकड्याचा दोर हातात घेतला; त्याचे तीन पदर झिजून एकच उरला होता. तो त्याच्या नाकासमोर धरून म्हणाले, "हाई देख तुन्हं नशीब. आजच बदलसूत." आणि नवा दोर येईपर्यंत त्यांनी गाठी उचलू दिल्या नाहीत.

पण आप्पांची खरी कमाई म्हणजे थोडक्याची वही. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची. अपघात झाला की रजिस्टर सगळेच भरतात; आप्पा न झालेले अपघात लिहायचे. कुणाची ओढणी ओढली जाता जाता राहिली, कुणाचा पाय घसरला पण पडला नाही, कुणाच्या डोक्याजवळून पाना खाली आला, जे जे थोडक्यात निभावलं ते ते वहीत. सांगायला येणाऱ्याला ते स्वतःच्या खुर्चीवर बसवत, चहा पाजत आणि स्वतः उभं राहून लिहून घेत. चूक सांगणाऱ्याचीच असली तर चहासोबत बिस्किटं. त्यांचा कायदा एका ओळीचा होता: "सांगे तेले शिक्षा नही." आणि त्याला जोडून दुसरा, जो शेठला झोंबत असे. वहीत एखादी गोष्ट आली की ती दुरुस्त होईपर्यंत तिथलं मशीन बंद.

आठवडाभर वही कोरी राहिली तर दुसरा कुणी खूश झाला असता. आप्पा बेचैन होत. मशीनमशीनवरून फिरत आणि विचारत, की इतक्या माणसांत कुणालाच काही झालं नाही, असं कसं होईल? कुणीतरी लपवतोय. शेठने कुठलंसं शिबिर ऐकून फाटकाजवळ फळा लावला होता, 'अपघाताविना दिवस' असा, आणि त्याच्यावरचा आकडा रोज खडूने वाढवायचं काम माझ्याकडे होतं. आप्पांना तो फळा आवडत नसे. आकडा जितका मोठा होईल तितकं माणसांना खोटं बोलावं लागेल, असं ते मला म्हणाले होते. मी मनात म्हटलं, म्हातारा शिकलेला नाही, त्याला काय कळणार.

कँटीनमध्ये मी त्यांची नक्कल करायचो. चहावाल्याचे हात धरून बोटं मोजायची, मग कात्री काढल्यासारखं करून त्याच्या शर्टाची बाही कापायची. लोक पोट धरून हसत. एकदा आप्पा दारात उभे राहून बघत होते, आणि सगळ्यांत जास्त तेच हसले. मला म्हणाले, की डावा हात आधी मोजायचा, तेवढं तू चुकतोस. तेव्हा मलाही हसू आलं होतं. आज ते आठवलं की मान खाली जाते.

आता स्वतःविषयी एक गोष्ट सांगायला हवी, ती टाळून पुढचं सांगता येणार नाही. आमचं घर तापीकाठचं, केळी-कापसाचं. शेतावर पावरा सालदार होता, वर्षाच्या बोलीने राहणारा. त्याच्या पोरांबरोबर मी वाढलो. विहिरीत पोहणं, चिंचा पाडणं, मार खाणं, सगळं त्यांच्या संगतीने आणि त्यांच्या बोलीत. शाळेत जायच्या आधी मला ती पावरी बोली मराठीपेक्षा चांगली येत होती. पण जिनिंगमध्ये लागल्यावर मी ते कधी कुणाला कळू दिलं नाही. साहेबाने पुस्तकी मराठीत बोलायचं. मशीनवरच्या बायका पावरीत माझी थट्टा करायच्या, माझ्या चालण्याला, माझ्या गॉगलला नावं ठेवायच्या. मला सगळं कळायचं आणि मी दगडासारखा चेहरा करून निघून जायचो. आप्पांनाही माहीत नव्हतं.

आप्पा रजा घेत नसत. त्या वर्षी, माघ महिन्यात, भाचीच्या साखरपुड्यासाठी अक्कलकुव्याला त्यांना जावंच लागलं. दोन दिवसांसाठी वही माझ्या हातात देताना म्हणाले, "दोन दिन तू म्हंजे मीच." मी वही टेबलाच्या खणात टाकली.

तो आठवडा घाईचा होता. कापसाची आवक एवढी, की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकातून थेट रस्त्यावर गेली होती. त्या रांगेत आमच्या गावच्या पाच ट्रॉल्या होत्या, एक माझ्या सख्ख्या काकांची. काका दर तासाला फोन करत होते, की तू आत साहेब आहेस आणि आम्ही इथे धूळ खातोय. गावात माझी इभ्रत त्या रांगेवर टांगली होती, निदान मला तसं वाटत होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला चार नंबरच्या मशीनवरची बाई आली. पंचविशीची असेल. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. जिनिंगच्या मशीनांखाली जमिनीत एक नाली असते; तिच्यात लोखंडी मळसूत्र फिरत राहतं आणि सरकी पुढे ढकलतं. नालीवर लोखंडी पत्रे बसवलेले असतात, बोल्टांनी आवळलेले. सरकी तुंबली की पत्रा उचलून मोकळी करायची आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. घाईत कुणीतरी चार नंबरजवळचा पत्रा नुसताच ठेवून दिला होता. तिचा पाय पडला तसा तो उलटला, चप्पल आत गेली आणि पाय तिने कसाबसा ओढून काढला.

हे सगळं तिने पावरीत सांगितलं, मध्ये जमतील तसे मराठी शब्द घालत. हाताने पत्रा कसा उलटतो ते करून दाखवलं. उघडा पाय पुढे केला, घोट्यावर खरचटलं होतं. मग म्हणाली, की आप्पांच्या वहीत लिहा, तिथून आमचं येणं-जाणं आहे, दुसरीचा पाय जाईल.

मला शब्दन् शब्द कळला. पण वहीत लिहायचं म्हणजे नाली बंद, नाली बंद म्हणजे मशीनांची सगळी रांगच बंद, आणि काका बाहेर. मी तिला पुस्तकी मराठीत म्हणालो, "ठीक आहे, बघतो. जा तू." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागली, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी फोन कानाला लावला. ती गेली.

विसरलो असं म्हणालो तर ते खोटं होईल. काकांची ट्रॉली रिकामी झाली, ते पाठीवर थाप मारून गेले, आणि त्यानंतरही मला आठवण होती. मी फिटरला सांगू शकत होतो. सकाळी सांगू, असं ठरवलं. सकाळी आणखी ट्रॉल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती किंकाळी ऐकू आली. दुसरी कुणी नव्हती, तीच होती. पत्र्यापासून सांभाळून चालायचं तिला ठाऊक होतं, पण डोक्यावर कापसाचं मोठं गाठोडं होतं आणि खालचं दिसत नव्हतं. मशीन बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं. नंदुरबारला दवाखान्यात तिचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

आप्पा दुपारीच परत आले, साखरपुड्याच्या कपड्यांतच. संध्याकाळी सुट्टी झाली तेव्हा नेहमीसारखे फाटकात उभे राहिले. बायका एकेक करून आल्या आणि कुणी न सांगता दोन्ही पंजे वर करून उभ्या राहिल्या. आप्पांना मोजता येईना. ते नुसते हात जोडत राहिले, एकेकीला.

दोन दिवसांनी शेठच्या खोलीत आम्हाला बोलावलं. सरकारी साहेब चौकशीला येणार होते, त्याआधी शेठला सगळं नीट जुळवून हवं होतं. त्यांनी मला विचारलं, की पत्रा सैल आहे हे कुणी सांगितलं होतं का? मी म्हणालो, "नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं." इतकं सरळ, इतकं पटकन, की मलाच नवल वाटलं. शेठ म्हणाले, मग बाईचीच चूक, बघून चालायला नको? तसंच लिहू.

आप्पा भिंतीजवळ उभे होते. ते म्हणाले, "नही शेठ. तिनी सांगेल व्हतं. लिखानं मन्हाकडथून राही गयं." खोलीत पंखा फिरत होता. शेठने माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. आप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: आप्पा त्या दिवशी इथे नव्हतेच. ते शेठलाही ठाऊक होतं, पण शेठला एक माणूस हवा होता, उपरणं कापणारा, मशीन बंद ठेवणारा, आणि तो आपण होऊन समोर आला होता. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

तिच्या नावावर चूक लागली नाही, ती आप्पांमुळे. आप्पांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते सायकल घेऊन निघाले तेव्हा मी गोदामात जाऊन गाठी मोजत बसलो, त्या आदल्या दिवशीच मोजलेल्या होत्या. पुढच्या हंगामात शेठने सुरक्षेचं सगळं काम माझ्याकडे दिलं, पगारही वाढवला.

आणि इथेच संपलं असतं तर निदान एवढं लिहायची वेळ आली नसती. मी आप्पांचं सगळं उचललं. वही, पंजे, 'सांगेल त्याला शिक्षा नाही', सगळं. फरक एवढाच, की मी ते संगणकावर, रंगीत तक्त्यांसकट मांडतो. आमच्याकडे अपघात खरंच कमी झाले. आता दुसऱ्या जिनिंगवाले बोलावतात, मिरचीच्या कारखान्यात बोलावतात, पुरुषोत्तमनगरच्या बाजूला साखर कामगारांपुढे दोनदा भाषण झालं. दोराची गोष्ट मी अशी सांगतो, की तो दोर मीच हातात धरला होता. लोक टाळ्या वाजवतात. मागच्या वर्षी नंदुरबारला शाल-श्रीफळ मिळालं, आणि एका तरुण इंजिनिअरने विचारलं, "सर, ही वहीची कल्पना तुम्हाला सुचली कशी?" मी म्हणालो, अनुभवातून.

त्या उत्तराने मात्र मला रात्रीचं जेवण गेलं नाही. आठवड्याने मी गाडी काढून ब्राह्मणपुरीला गेलो. आप्पांकडे एवढ्या वर्षांत एकदाही गेलो नव्हतो.

ते ओट्यावर बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडत होते. खूप थकले होते, पण मला बघून खरोखर आनंदले. घरातल्या सुनेला हाक मारली, मला गोधडी टाकून दिली. मी बसल्या बसल्या बोलायला सुरुवात केली, कारण थांबलो असतो तर बोलणं झालं नसतं. म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. सांगून गेली होती. मी लिहिलं नाही. शेठसमोर खोटं बोललो."

आप्पांचे हात चालूच होते. म्हणाले, "माले मालूम शे. दवाखानामा तिनीच सांगं."

मी विचारलं, मग शेठला का नाही सांगितलंत? नोकरी गेली तुमची. तेव्हा त्यांनी मिरच्या बाजूला सारल्या आणि मला समजावल्यासारखं बोलायला लागले. "तुन्हा काय गुन्हा रे भाऊ? ती पावरीमा बोलनी, तुले ती बोली येस नही. तुले समजनंच नही, मंग लिखशी काय? वही देवानी त पावरी समजनारा मानूसले देवाले पाह्यजे व्हती. ती चूक मन्हीच. मी शेठले खोटं नही बोलनू."

मी एक मिरची उचलून तिचं देठ खुडू लागलो. आप्पा सांगत राहिले. दर वर्षी होळीनंतर ते बसने धडगावला जातात, तिथून जीपने तिच्या पाड्यावर. ती कुबडी घेऊन चालते, शेळ्या सांभाळते. तिचं कुणाविषयी काही म्हणणं नाही. ती म्हणते, साहेब वाईट नव्हता, त्याने ऐकून घेतलं होतं. मलाच मराठी नीट येत नव्हतं, मला नीट सांगता आलं नाही. म्हणून घरात आपल्या मुलीशी ती पावरी बोलत नाही. येतं तसं, मोडकंतोडकं मराठीच बोलते, मुलगी चुकली तर तिला मारतेसुद्धा. मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून.

"ती बी तुले माफच करस," आप्पा म्हणाले. "तुले समजनं नही, एवढंच ते. व्हय ना?"

ते माझ्याकडे बघत होते. मला फक्त नाही म्हणायचं होतं. मी मान हलवून हो म्हटलं.